गुडघ्याएवढा रॅप्टर आणि चंद्रपूरचं शेण

माझा भाचा सात वर्षांचा आहे आणि त्याच्याकडे एक प्लास्टिकची बरणी भरून डायनोसॉर आहेत, पूर्वी त्याच बरणीत ताई चकल्या ठेवायची. परवा त्याने त्यातला एक काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मामा, हा रॅप्टर, हा तुझ्याएवढा असतो आणि दार उघडतो." मी म्हटलं, अरे खरा रॅप्टर इथे आला असता ना तर त्याची पाठ माझ्या गुडघ्याला लागली असती, आणि त्याला पिसं होती, कोंबडीसारखी. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी सांगितलं सचिन लेगस्पिनर होता. मग शेवटचा निकाल दिला, "पिक्चरमध्ये दाखवलंय."

आता यावर काय बोलणार. कारण खरं सांगायचं तर आपल्या सगळ्यांचंच तसं आहे. डायनोसॉर आपल्यापैकी कोणी पाहिलेला नाही, शाळेत त्यावर अर्धं पान असतं, म्युझियमला जायला आपल्याकडे म्युझियम किती, त्यामुळे डोक्यात जे चित्र आहे ते 1993 सालच्या 'जुरासिक पार्क'चं आहे, आपल्याकडे तो 1994 ला हिंदीत डब होऊन आला आणि तेव्हापासून डायनोसॉर म्हटलं की तोच टी-रेक्स, तीच डरकाळी, ग्लासमधलं तेच थरथरणारं पाणी. हा लेख त्या पिक्चरच्या चुका काढायला नाही, तशा याद्या नेटवर ढिगाने आहेत. मला सांगायचंय ते वेगळं आहे, की या पिक्चरने बरंच काही बरोबर दाखवलं आणि त्यामुळेच त्याने जे चुकीचं दाखवलं ते आजवर निघत नाही. खोटं हे खऱ्याच्या कडेवर बसून आलं.

तर आधी बरोबर काय होतं ते बघू.

1993 च्या आधी पडद्यावरचा डायनोसॉर म्हणजे एक मठ्ठ, थंड रक्ताचा, शेपूट फरफटत चालणारा अवाढव्य सरडा. 1925 पासून असे पिक्चर येत होते, 1966 च्या एका पिक्चरमध्ये तर गुहेतली माणसं आणि डायनोसॉर एकमेकांशी मारामाऱ्या करतात, मध्ये साडेसहा कोटी वर्षं गेली याचं कोणाला काही नाही. टी-रेक्स तर एखाद्या थकलेल्या पैलवानासारखा उभा, शेपटीवर टेकून. म्युझियममधले सांगाडेसुद्धा तसेच उभे केलेले होते. पण अभ्यासकांचं मत बदलायला लागलं होतं. जॉन ऑस्ट्रॉम नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला 1964 मध्ये मोंटाना राज्यात एक प्राणी सापडला, डायनोनिकस, पायाला विळ्यासारखं नख, हलकं शरीर, ताठ शेपूट. 1969 मध्ये त्याने त्याचं वर्णन छापलं आणि म्हणाला की हा मठ्ठ प्राणी असूच शकत नाही, हा पळणारा, उड्या मारणारा शिकारी आहे, आणि पुढे जाऊन म्हणाला की पक्षी यांच्यातूनच आलेत. त्यावर वीसेक वर्षं वाद झाले, पण ते सगळे अभ्यासकांच्या जर्नलमध्ये. सामान्य माणसापर्यंत हे कोणी पोचवलं? पिक्चरने. दोन तासात.

आणि त्यातला किचनचा सीन आठवा, दोन पोरं लपलेली आणि रॅप्टर दाराच्या गोल काचेतून आत बघतो. आधीच्या कच्च्या आराखड्यात म्हणे रॅप्टर सापासारखी जीभ आतबाहेर करत होते, पिक्चरचे सल्लागार होते जॅक हॉर्नर, मोंटानातलेच जीवाश्म अभ्यासक, त्यांनी सांगितलं हे चालणार नाही, डायनोसॉर सरड्यासारखे नव्हते. मग त्या जागी काय आलं तर रॅप्टर काचेवर फुस्सकन श्वास सोडतो आणि काच धुरकट होते. काच कधी धुरकट होते? श्वास गरम असेल तर. एका सेकंदात, एकही शब्द न बोलता, गरम रक्ताचा डायनोसॉर ही तेव्हाची वादातली कल्पना जगभरच्या लोकांच्या डोक्यात जाऊन बसली. मला विचाराल तर विज्ञान समजावून सांगायचं याहून चांगलं उदाहरण शोधून मिळणार नाही. टी-रेक्ससुद्धा आडवा, शेपूट हवेत तोलून चालणारा दाखवला, न्यूयॉर्कच्या मोठ्या म्युझियमने आपला जुना उभा सांगाडा आडवा केला तोही त्याच दशकात.

म्हणजे पिक्चर त्या दिवशीच्या विज्ञानाच्या बऱ्यापैकी बरोबरीने चालत होता. गंमत अशी की विज्ञान पुढे चालत राहिलं आणि पिक्चर तिथेच थांबला.

रॅप्टरचंच घ्या. व्हेलॉसिरॅप्टर हा मंगोलियातला प्राणी, 1923 मध्ये सापडला, 1924 मध्ये नाव मिळालं. वजन साधारण 15 ते 20 किलो, म्हणजे आपल्या गल्लीतल्या बऱ्या खाल्लेल्या कुत्र्याएवढा, लांबी दोन मीटरच्या आसपास पण त्यातली बरीच नुसती शेपूट. मग पिक्चरमध्ये तो माणसाएवढा कसा झाला आणि मंगोलिया सोडून मोंटानात कसा काय खणून काढला? तर 1988 मध्ये एका अभ्यासकाने आपल्या पुस्तकात ऑस्ट्रॉमच्या त्या मोठ्या डायनोनिकसला व्हेलॉसिरॅप्टरच्याच खात्यात टाकलं होतं, हे वर्गीकरण बाकी कोणी फारसं मानलं नाही, पण मूळ कादंबरी लिहिणाऱ्या मायकेल क्रायटनने ते उचललं. ऑस्ट्रॉम यांनी नंतर सांगितलं की लेखकाला ते नाव जास्त नाट्यमय वाटलं. खरंच आहे, डायनोनिकस म्हटलं की सर्दीच्या गोळीचं नाव वाटतं. तर प्राणी डायनोनिकस, नाव व्हेलॉसिरॅप्टरचं, आणि साइज दोघांपेक्षा मोठी कारण भीती वाटली पाहिजे. योगायोग असा की पिक्चर बनत असतानाच अमेरिकेत युटाह राज्यात यूटारॅप्टर सापडला, तो खरोखरच पिक्चरमधल्यापेक्षाही मोठा निघाला. बनवणाऱ्यांचं नशीब बघा.

आणि पिसं. पिक्चर आल्यावर तीनच वर्षांत, 1996 मध्ये, चीनच्या लियाओनिंग भागात पिसांचा मऊ थर अंगावर असलेला छोटा डायनोसॉर जगासमोर आला, मग तिथून रांगच लागली. 2007 मध्ये खुद्द व्हेलॉसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर ओळीने बारीक उंचवटे दिसले. पंखाच्या हाडावर जिथे मोठी पिसं रोवलेली असतात तिथे असे टेंगूळ काही पक्ष्यांत दिसतात, कोंबडीत फार स्पष्ट नसतात पण कबुतरात दिसतात. तेच टेंगूळ. म्हणजे वाद संपला, रॅप्टरला पिसं होती, हातावर मोठी लांब. पण तोवर जगभरातली खेळणी, टीशर्ट, दप्तरं, वाढदिवसाचे केक सगळे उघड्या चामडीचे झाले होते आणि 2015 ला त्याच मालिकेचा नवा पिक्चर आला तेव्हा पिसं माहीत असूनसुद्धा लावली नाहीत. वर कथेत एक पळवाट ठेवली की हे आम्ही जनुकं मिसळून बनवलेत, अस्सल असते तर वेगळे दिसले असते. हुशार आहेत. शेवटी 2022 मध्ये कुठे पिसांचे दोन-तीन आले पडद्यावर.

इथे एक गोष्ट मात्र पिक्चरच्या बाजूने सांगायला हवी. पिसांचं कळल्यावर उलट्या टोकाला जाऊन टी-रेक्ससुद्धा पिसांचा गोळा म्हणून काढायला लागले लोक, पण 2017 मध्ये टी-रेक्सच्या कातडीचे जे ठसे तपासले त्यात खवलेच दिसले. म्हणजे मोठ्या टी-रेक्सच्या अंगावर पिसं असलीच तर थोडीफार. विज्ञान असं पुढे-मागे होत जातं आणि ते पिक्चरला परवडत नाही, मॉडेल एकदा बनवलं की बनवलं.

आता हाताचा एक प्रयोग करा, बसल्या जागी. दोन्ही हात पुढे करा, पंजे खाली जमिनीकडे, भुताचं नाटक करताना करतो तसे. माझ्या भाच्याच्या खेळण्यातले सगळे रॅप्टर असेच उभे आहेत आणि पिक्चरमधलेही. खऱ्या मांसाहारी डायनोसॉरचं मनगट तसं वळत नव्हतं, त्यांचे तळवे एकमेकांसमोर असायचे. म्हणजे टाळ्या वाजवता आल्या असत्या, भाकरी थापता आली नसती. हे भाच्याला सांगितलं तर त्याला एवढं आवडलं की घरात येणाऱ्या प्रत्येकाला तो आता टाळी वाजवून दाखवतो आणि कोणाला काही कळत नाही.

बाकी किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. डायलोफोसॉरस, तो मानेचा पंखा उघडून विष थुंकणारा, तो खरा सहा मीटर लांबीचा दणकट प्राणी होता, विष कादंबरीतलं आणि पंखा पिक्चरवाल्यांचा, हाडांत यातल्या कशाचाही पुरावा नाही. हललं नाही तर टी-रेक्सला दिसत नाही हे तर साफ चूक, त्याचे दोन्ही डोळे समोर रोखलेले होते, अंतराचा अंदाज ससाण्यासारखा, वर वास घेणारा मेंदूचा भाग मोठा, त्यामुळे तुम्ही पुतळा होऊन उभे राहिलात तर त्याला फक्त पळायचे कष्ट वाचले असते. जीपच्या मागे धावणं पण त्याला जमलं नसतं, एवढ्या वजनाच्या पायांत तेवढे स्नायूच मावत नाहीत असं 2002 च्या एका अभ्यासाने गणित करून दाखवलं. आणि ती डरकाळी हत्तीच्या पिल्लाचा, वाघाचा आणि मगरीचा आवाज मिसळून बनवलीय, खरा आवाज बहुधा तोंड मिटून काढलेला, घशातल्या घशात, पारवा घुमतो तसा पण बसच्या साइजचा पारवा. मला तर ते जास्त भीतीदायक वाटतं. 2001 च्या भागात स्पायनोसॉरस टी-रेक्सची मान मोडतो, हे दोघे वेगळ्या खंडातले आणि मध्ये जवळपास तीन कोटी वर्षांचं अंतर. नावातला जुरासिक काळही तसाच, टी-रेक्स, रॅप्टर, ट्रायसेराटॉप्स हे सगळे त्याच्या नंतरच्या क्रेटेशियस काळातले. काळाच्या हिशोबाने पाठीवर हाडांच्या उभ्या पाट्यांवाला स्टेगोसॉरस टी-रेक्सपासून जितका लांब, त्यापेक्षा आपण टी-रेक्सच्या जवळ आहोत. हे वाक्य दोनदा वाचा, मीही वाचलं होतं.

पण मला विचाराल तर सगळ्यात खोल रुतलेला गैरसमज प्राण्यांबद्दल नाहीच, तो डीएनएबद्दल आहे. अंबरमध्ये, म्हणजे झाडाच्या दगड झालेल्या डिंकात, अडकलेला डास, त्याच्या पोटात डायनोसॉरचं रक्त, त्यातून डीएनए, त्यातून डायनोसॉर. एवढं चपखल वाटतं की आजही लोक विचारतात, अजून का नाही बनवला? तर डीएनए ही टिकणारी वस्तू नाही. न्यूझीलंडमधल्या मोआ या नामशेष पक्ष्याची दीडशेच्या वर हाडं तपासून 2012 मध्ये शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला की हाडातल्या डीएनएचे दुवे दर 521 वर्षांनी निम्मे तुटतात. समजा तुमच्याकडे 1 लाख रुपये आहेत आणि दर 521 वर्षांनी ते निम्मे होतात, तर साडेबारा हजार वर्षांत तुमच्याकडे एक पैसाही राहत नाही. डायनोसॉर जाऊन 6 कोटी 60 लाख वर्षं झाली, म्हणजे सव्वा लाख वेळा निम्मं. बर्फात हा वेग कमी होतो, म्हणून ग्रीनलंडमध्ये 20 लाख वर्षांपूर्वीचा डीएनए मिळाला, तो आजवरच्या सगळ्यात जुन्यांपैकी, पण डायनोसॉरच्या मानाने ते म्हणजे काल संध्याकाळचं. आणि पिक्चरमधली अंबरची खाण डोमिनिकन रिपब्लिकमधली आहे, तिथलं अंबर दीड-दोन कोटी वर्षांचं, म्हणजे त्यातल्या डासाने डायनोसॉर बघितलाच नाही. शिवाय पडद्यावर जो डास दिसतो तो ज्या जातीचा आहे ती रक्त पीतच नाही, हे म्हणजे शाकाहारी साक्षीदार आणण्यासारखं झालं.

तरी त्यांना फार हसू नका, कारण तेव्हा शास्त्रज्ञही त्या नादात होते. पिक्चर अमेरिकेत लागला त्याच आठवड्यात 'नेचर' मासिकात अंबरमधल्या किड्यातून बारा कोटी वर्षांहून जुना डीएनए मिळाल्याचा पेपर छापून आला होता. नंतर लंडनच्या म्युझियमने तशी पद्धत वापरून पुन्हा पुन्हा प्रयत्न केले तर काहीच मिळालं नाही, तो बहुधा आजकालच्याच कशाचा तरी मिसळलेला डीएनए होता. पण पेपर चुकीचा निघाल्याची बातमी कोण वाचतं, पिक्चर मात्र दर रविवारी टीव्हीवर लागतो.

आणि मग ते खोदकाम. पिक्चरमध्ये वाळवंटात ब्रशने वाळू झटकली की अख्खा सांगाडा मांडून ठेवल्यासारखा दिसतो, कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर जमिनीखालचं चित्र उमटतं. पुष्कळांना तर हे लोक आणि मोहेंजोदडो खणणारे लोक एकच वाटतात, जीवाश्मवाले आणि पुरातत्त्ववाले. प्रत्यक्षात काय होतं त्याचं एक आपल्याच इथलं उदाहरण सांगतो, मला ते कुठल्याही पिक्चरपेक्षा भारी वाटतं.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना 1980 च्या दशकात गुजरातमध्ये ढोली डुंगरी इथे डायनोसॉरची अंडी आणि त्याजवळ बारीक हाडं असलेला दगड मिळाला. 1987 मध्ये त्यांनी ते डायनोसॉरचं पिल्लू म्हणून छापलं, पिल्लू होतंच त्यात. पुढे 2001 मध्ये जेफ विल्सन या अमेरिकन अभ्यासकाने तो दगड हातात घेऊन बघितला आणि त्याला त्यात काही मणके असे दिसले जे डायनोसॉरचे नव्हतेच, सापाचे होते. मग अजून काही वर्षं दगड साफ करण्यात गेली आणि 2010 मध्ये जाहीर झालं की हा साडेतीन मीटरचा साप आहे, नुकत्याच फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला, शेजारी अर्धा मीटरचं पिल्लू, आणि त्याच क्षणी वरून बहुतेक वादळात वाळूचिखल घसरून आला आणि 6 कोटी 70 लाख वर्षं तो घास तसाच राहिला. खोदून काढल्यापासून कळेपर्यंत पंचवीसेक वर्षं. ब्रश नाही, स्क्रीन नाही, तोच दगड आणि डोळे बदलले. हाडं काढतानासुद्धा ती ब्रशने झटकून उचलत नाहीत, भोवतीच्या दगडासकट गोणपाट आणि प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये गुंडाळतात, आपला हात मोडल्यावर घालतात तसंच प्लास्टर, आणि मग लॅबमध्ये सुईने कण कण काढत बसायचं, वर्षंच्या वर्षं.

आपल्या महाराष्ट्रात पण आहेत बरं का डायनोसॉर. सह्याद्रीत शोधू नका, तो सगळा लाव्हाचा काळा दगड, त्यात हाडं टिकायला जागा नाही. पण विदर्भात त्या लाव्हाच्या खालचा लॅमेटा नावाचा थर उघडा पडलाय. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला 1984 ते 86 मध्ये खोदकाम करून एक लांब मानेचा डायनोसॉर काढला, आज त्याचं नाव आयसिसॉरस, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून, कारण खोदणारे तिथले होते. आकडेवारीच्या संस्थेचं नाव डायनोसॉरला, जगात दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही.

आणि त्याच जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला सापडलं शेण. दगड झालेलं, पण शेणच, लांब मानेच्या डायनोसॉरचं मानलं जातं. 2005 मध्ये ते सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर त्यात गवताचे सिलिकाचे बारीक कण मिळाले, निदान पाच प्रकारच्या गवतांचे. तोवर सगळे म्हणायचे की डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतंच, आणि पिक्चरमध्ये त्यांच्या पायाखाली हिरवंगार गवत दिसलं की अभ्यासक मान हलवायचे. आपल्या चंद्रपूरच्या शेणाने ती चूक निम्मी तरी माफ करून टाकली. निम्मी, कारण मोकळी गवताळ मैदानं फार नंतर आली. पण पिक्चरमध्ये तो भला मोठा ब्रॅकिओसॉरस गाईसारखा चघळत बसतो ना, त्याला माफी नाही, त्यांच्या दातांनी चघळता येत नव्हतं, ओरबाडायचं आणि गिळायचं.

पिक्चरचा अजून एक परिणाम बाजारात दिसतो. डायनोसॉरचं वेड वाढलं तसे सांगाडे लिलावात जायला लागले. 'सू' नावाचा टी-रेक्स 1997 मध्ये 83 लाख डॉलरच्या वर गेला, तेव्हा निदान शिकागोच्या म्युझियमने घेतला, तेही कंपन्यांची मदत घेऊन. 2020 मध्ये 'स्टॅन' 3 कोटी 18 लाख डॉलरला, 2024 मध्ये एक स्टेगोसॉरस 4 कोटी 46 लाखांना. या भावात विद्यापीठ कुठून घेणार, आणि जे हाड कोणाच्या दिवाणखान्यात गेलं त्यावर पेपर कसा लिहिणार. दुसऱ्या बाजूला तोच पिक्चर बघून या क्षेत्रात आलेली एक अख्खी पिढी आज प्राध्यापक आहे आणि त्याच पिक्चरच्या चुका तेच लोक दुरुस्त करतायत. हा हिशोब जमेचा की खर्चाचा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या रविवारी भाच्याबरोबर परत लावला पिक्चर. आधी सगळं सांगून झालेलं होतं, गुडघ्याएवढा, पिसं, टाळी, सगळं त्याला पाठ, अर्धा वेळ तोच मला सांगत होता की मामा हे चूक ना, मामा ते पण चूक ना. मग तो किचनचा सीन आला. गोल काच, काचेपलीकडे तोंड, आणि फुस्स करून काच धुरकट झाली. काही बोलला नाही, फक्त सरकत सरकत माझ्या मांडीवर येऊन बसला.